डबल लॅमिनेशन

रकाना पहिला: जन्मतः

दोन सुया, दोन थेंब, एक पिवळं कार्ड. "बाबा, जिवापाड जपा हे," सून म्हणाली.

आजोबांचं झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान. त्यांनी जपलं.

रकाना दुसरा: दीड महिना

सून तापाने झोपलेली, मुलगा परगावी.

"एकट्याला जमेल ना, बाबा? काही घोळ झाला तर पुढच्या वेळेपासून माझी आई नेईल."

विहीणबाई! आजोबांनी नातीला छातीशी धरलं आणि लसीकरण केंद्र गाठलं.

नर्सबाईंनी कार्डावर पेन टेकवलं. घसरलं. दुसरं घेतलं. तेही घसरलं.

"आजोबा, हे काय केलंत?"

"डबल लॅमिनेशन. फाटणार नाही, भिजणार नाही."

"आणि लिहिताही येणार नाही! एवढे रकाने मोकळे आहेत, मी काय नखाने कोरू?"

रांग खो खो हसली. मागची बाई म्हणाली, "बाई, आधी कार्डालाच टोचा."

आजोबांनी प्लास्टिकचा कोपरा सोलून पाहिला. जन्माची तारीख सोलून हातात आली.

"मेलो," आजोबा पुटपुटले. "विहीणबाई टपूनच बसल्यात."

"थांबा हो." नर्सबाईंनी केंद्राचं जाड रजिस्टर उघडलं. "पहिल्या सगळ्या नोंदी आहेत इथे. बाळ द्या इकडे."

थेंब. सुया. असं भोकाड की आजोबांचेच डोळे भरले.

मग नवं कार्ड. जुन्या तारखा उतरवल्या, आजची टाकली.

"याला प्लास्टिक लावायचं ते शेवटच्या रकान्यानंतर. कळलं?"

"तो कधी?"

"सोळाव्या वर्षी."

आजोबांनी बोटं मोजली. "म्हणजे मी चौऱ्याऐंशीचा."

"या की! मीच सेवानिवृत्त झालेली असेन."

घरी गेल्यावर त्यांनी सगळं स्वतःच सांगून टाकलं. सून तापातही पोट धरून हसली. "आता तुम्हीच न्या, बाबा. ही चूक तुम्ही परत करायचे नाहीत. माझ्या आईचं काही सांगता येत नाही."

रकाना तिसरा: अडीच महिने

कार्ड वरून उघड्या पाकिटात. पाकिटाला दोरीने बांधलेलं पेन. नर्सबाईंनी तारीख टाकली, कार्ड उलटलं आणि मागच्या शेवटच्या रकान्यापाशी थबकल्या.

रकाना शेवटचा: सोळा वर्षे

बारीक पेन्सिलीने, आजोबांच्या अक्षरात: "त्या दिवशी दुकान सकाळी नऊला उघडेल. मशीन तापवून ठेवतो."