पांढरा दगड

दगडाच्या एका भोकात लेस्टरचं बोट शिरलं, आतल्या आत फिरलं, बाहेर आलं, आणि त्या बोटाला काहीही लागलेलं नाही हे बघून विलासला बरं वाटलं. माशांच्या टाकीतला, दोन वर्षं माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेला दगड, आणि तरी कसा पांढराशुभ्र… जूचंद्रच्या मिठागरावर बाबा राशीतलं मूठभर मीठ असंच तळहातावर घेऊन उन्हात धरायचे, आणि त्यात एक काळा कण दिसला तरी तोंड वाकडं करायचे — "पानी चोख पायजे, मंग मीठ चोख." मिठागर गेलं, बाबा गेले, विलास गोखिवऱ्याच्या फ्लॅटात राहायला आला आणि तिथल्याच एका कारखान्यात माल तपासायला लागला, पण खोट शोधणारी ती नजर मात्र वारशात आली होती. त्याचा त्याला अभिमानच होता.

"धुतला कसा होता?" लेस्टरने विचारलं. वसईतल्या या दुकानात तो कित्येक वर्षं शोभेचे मासे विकत होता, गिऱ्हाईकाला घाई करत नव्हता.

"ब्रशने, नळाखाली. मग अर्धा तास उकळला. स्पंज तर दर रविवारी, काळं पाणी यायचं थांबेपर्यंत." विलास खुशीत सांगत होता. खिशातली वही त्याने काउंटरवर उघडून ठेवली. महिनाभर खपून त्याने त्यात सगळं लिहून काढलं होतं — स्पंजचा फिल्टर, टाकीच्या मागे लटकवायचा फिल्टर, फेसाबरोबर घाण वर काढणारा स्किमर. उद्या त्याच्या मुलीला, उन्नतीला, बारा वर्षं पूर्ण होणार होती. दोन वर्षं रिकामी पडलेली खाऱ्या पाण्याची टाकी पुन्हा भरायची, झालं गेलं विसरलो म्हणून सांगायचं, असं त्याने मोठ्या मनाने ठरवलं होतं. "यातला असा सांग लेस्टर, की घरातल्या मुलाने चुकून जास्त खाणं टाकलं तरी मासे जगले पाहिजेत."

लेस्टरने वहीकडे पाहिलंच नाही. "विलासभाऊ, फिल्टर तर हाच होता," तो दगडावर टिचकी मारत म्हणाला. "ह्याच्यात बारीक जंतू असतात. माशांची घाण तेच खातात, पाणी तेच सांभाळतात. तुम्ही त्यांनाच उकळलंत. मासे किती दिवसांनी गेले?"

"रविवारी धुतलं… बुधवारी."

"बरोबर. तेवढेच लागतात."

"पण मुलीने मंगळवारी खाणं टाकलं होतं. न विचारता."

"किती?"

"चिमूटभर."

"चिमूटभराने कोण मरतंय हो!" लेस्टर हसला आणि मागच्या टाकीत हात घालायला वळला.

विलास हसला नाही. त्याचे कान बंद झाले, दुकानातले बुडबुडे, पंप, रस्त्यावरची रिक्षा, सगळं कुठेतरी लांब गेलं आणि समोर फक्त ते मनगट राहिलं… दहा वर्षांच्या मुलीचं मनगट, त्याच्या मुठीत. पाण्यावर आडवे पडलेले केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे, शाळेच्या गणवेशातली उन्नती, आणि तो तिचा हात तिच्याच डोळ्यांसमोर धरून — या हातांनी मारलेस तू, बघ, या हातांनी. ती म्हणत होती, बाबा, मी एकच चिमूट… त्याची बायको आशालता स्वयंपाकघरातून धावत आली होती, पुरे म्हणाली होती. पण त्याचं पुरं झालं नव्हतं. यापुढे विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, हेही त्याने सांगितलं होतं.

आणि तिने लावला नाही. बाबा, पंखा लावू? आई, खिडकी उघडू? परवा जेवताना हात डब्यापर्यंत जाऊन थांबला — थोडं मीठ घेऊ? मिठागरवाल्याच्या घरात! पाहुणे म्हणाले, काय वळण लावलंय हो पोरीला, आणि विलासने मान डोलावली होती. मी. मी डोलावली होती मान.

"हा घ्या, जिवंत दगड," लेस्टर म्हणत होता. खाऱ्या पाण्याने भरलेल्या पिशवीत एक तपकिरी, शेवाळलेला, गलिच्छ दगड होता आणि त्याच्या भोकातून केसाएवढा किडा डोकावून आत गेला. "धुवू नका. घाण वाटला तरी हात लावू नका. महिनाभर मासे टाकू नका."

रिक्षात पिशवी मांडीवर धरून तो बसला आणि त्याचं मन लगेच वाटा शोधायला लागलं. लेस्टर काही उन्नतीला ओळखत नाही. आशालताला जंतूंचं काय कळणार. पोरगी कधीच विसरली असेल, उगाच खपली कशाला काढा… टाकी भरली, मासे आले की खूश होईल. विसरली असेल? मग मीठ कशाला विचारून घेते? त्याला स्वतःची किळस आली. सांगायचं. दारातच सांगायचं. उन्नती, ते मासे मी मारले. एवढंसं वाक्य, ते त्याने गोखिवरे येईपर्यंत मनात पंचवीसदा म्हटलं, आणि दर वेळी 'मी'वर येऊन तो अडखळला.

दार उन्नतीनेच उघडलं. पिशवी बघताच तिचे डोळे लकाकले, दोन्ही हात आपसूक पुढे आले… आणि परत फिरून पाठीमागे गेले, एकमेकांत घट्ट अडकले.

"बाबा, मी हात लावू?"

दोन वर्षं हेच ऐकत होता तो. आज पहिल्यांदा त्याला ते ऐकू आलं.

"उन्नती," तो म्हणाला, "ते मासे—"

तिचा चेहरा पुसल्यासारखा झाला. मान खाली गेली.

"सॉरी, बाबा," ती म्हणाली. पटकन, पाठ असल्यासारखं.

वाक्य तोंडात तयार होतं. पण तिच्या या दोन शब्दांपुढे ते केवढंसं होतं, आणि ते आधी म्हणायचं की आधी तिचे ते हात पाठीमागून सोडवायचे, हे त्याला कळेना. तिच्या मनगटाकडे बघायचं धाडस त्याला होत नव्हतं. पिशवी धरून तो उंबऱ्यावरच उभा राहिला, विचारल्याशिवाय आत यायची आपल्यालाही सोय नसल्यासारखा.