दोघांच्या नावावरचं अंगुस्तान

"नाव सापडलं," काउंटरमागची बाई म्हणाली, "पण तुमच्या एकटीचं नाही. आर्डिस क्वाले आणि व्हर्लिन क्वाले. हे व्हर्लिन कोण?"

"नवरा होता," आर्डिस म्हणाली. "म्हणजे अजून आहे. पण दुसरीचा."

रांगेत मागे कुणीतरी फिसकन हसलं.

आयोवा राज्याच्या जत्रेत लोण्यात घडवलेली गाय बघून झाली की आर्डिस दरवर्षी या मांडवात यायची, मुख्यतः सावलीसाठी. लोक विसरून गेलेली खाती, अनामती, लॉकर, सगळं धनी सापडेपर्यंत राज्याकडे पडून असतं. इथे आपलं नाव सांगायचं, "काही नाही" ऐकायचं आणि सरबत प्यायला जायचं, असा तिचा शिरस्ता होता.

"तुमची जुनी बँक बंद झाली ना, तिथला लॉकर आहे," बाई म्हणाली. "आत एकच वस्तू. चांदीचं अंगुस्तान, शिवताना बोटात घालतात ते."

आर्डिस काउंटरला टेकली.

व्हर्लिनला सोडताना तिला फारसं वाईट वाटलं नव्हतं. माणूस भला, पण त्याच्याशी संसार म्हणजे बंद रेडिओशेजारी बसणं. वाईट वाटलं होतं ते थेल्माचं घर सुटल्याचं. थेल्मा तिची सासू. तिनेच आर्डिसला गोधडी शिवायला शिकवलं, तिनेच जाण्याआधी बोटातलं अंगुस्तान काढून सुनेच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "आता रडू नकोस, टाके वाकडे येतात." वर्षभराने घटस्फोट झाला, तेव्हा आर्डिसने ते दोघांच्या लॉकरमध्ये तसंच राहू दिलं. आई त्याची. त्याने न्यावं.

"दोघांनीही सह्या करायला हव्यात," बाई सांगत होती. "आणि वस्तू पाठवायची कुठे, तो पत्ता एकच लिहायचा. लवकर करा हं. नोव्हेंबरात लिलाव आहे."

"लिलाव?"

"अहो, किती दिवस सांभाळणार? चांदी आहे, कुणीतरी घेईलच."

रविवारी चर्च सुटल्यावर आर्डिस व्हर्लिनच्या दारात उभी राहिली. पर्समध्ये कागद होता. तो तासभर पर्समध्येच राहिला. आधी सोयाबीनबद्दल बोलणं झालं, मग शेजाऱ्याच्या नव्या ट्रॅक्टरबद्दल, मग पुन्हा सोयाबीनबद्दल. व्हर्लिनची बायको मार्लिस लिंबाच्या वड्या घेऊन आली. ही मिनिआपोलिसची. इथे नांदून आता पुष्कळ वर्षं झाली होती, पण स्वतःहून काही न मागायची या लोकांची रीत तिच्या अंगवळणी पडली नव्हती.

ताटात शेवटची वडी उरली. आर्डिसने ती अर्धी कापून घेतली. व्हर्लिनने उरलेल्या अर्ध्याची अर्धी केली. मग आर्डिसने उरलेल्या तुकड्यावर पुन्हा सुरी धरली.

"अगं, खा की ती!" मार्लिस ओरडली. "आता काय मुंगीला ठेवायचीय?"

"कुणाला हवी असेल तर," व्हर्लिन म्हणाला.

त्या ओरडण्याने आर्डिसला जरा धीर आला. तिने कागद काढला आणि सगळं सांगितलं. व्हर्लिनने कागद हातात घेऊन वाचला.

"म्हणजे तू नेलंच नाहीस?" तो म्हणाला.

"तुझ्या आईचं होतं. मला वाटलं, तू नेशील."

"तिने तुला दिलं होतं. मी कसा नेणार? तुझ्यासाठीच ठेवलं होतं."

"मग बोलायचंस."

"मागे लागल्यासारखं वाटलं असतं."

मार्लिसने कपाळावर हात मारून घेतला. "देवा रे! भांडून घटस्फोट घेणारे पाहिलेत मी. तुम्ही दोघांनी मात्र एकमेकांना 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत ती वस्तू सरकारच्या गळ्यात घातलीत!"

व्हर्लिनने सही केली आणि कागद सरकवला. "पत्ता तुझाच लिही."

"छे, तुझा लिही. तुझी आई."

"तुला सोयीचं पडेल तसं..."

"मला काय, तुम्हा दोघांना सोयीचं..."

"आर्डिस!" मार्लिसने टेबलावर हात आपटला. "लिलावात ते कुणा परक्याच्या कपाटात जाईल. तुला हवंय की नको? एकच शब्द बोल."

आर्डिसने आयुष्यभर शाळेची बस चालवली होती. बर्फात घसरणारी बस तिने न ओरडता रस्त्यावर आणलेली होती. पण हा शब्द तिला जड गेला.

"हवंय," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, "मला हवंय."

"झालं!" मार्लिस म्हणाली. "मेलं का कुणी?"

व्हर्लिन चक्क हसला. आर्डिसने आपला पत्ता लिहिला, आणि घरी जाताना गाडीत एकटीच गुणगुणत राहिली.

ऑक्टोबरात पाकीट आलं. अंगुस्तान काळवंडलं होतं. तिने ते फडक्याने घासलं, वरच्या बारीक खळग्यांतून चांदी उजळली. मग मधल्या बोटात घालून बघितलं. पेरापाशी ते अडलं. इतक्या हिवाळ्यांत बसचं ते मोठं चाक धरून बोटांचे सांधे सुपारीसारखे झाले होते. साबण लावून बघितला. दुसरं बोट बघितलं. करंगळीत गेलं, पण करंगळीने कोण शिवतं? मग तिने कॉफी ठेवली.

गुरुवारी चर्चच्या तळघरात बायका गोधड्या शिवायला जमतात. तिथे मार्लिस सुईत दोरा ओवून देण्याचं आणि गप्पांचं काम करायची. आर्डिसने तिच्या शेजारची खुर्ची ओढली.

"बोट दे."

"कशाला? मला येत नाही, ठाऊक आहे ना तुला?"

"मलाही येत नव्हतं. दे."

अंगुस्तान तिच्या बोटात अलगद बसलं. मार्लिस गप्प झाली, आणि ते तळघरात सगळ्यांच्या लक्षात आलं.

"अगं, पण हे तुला हवं होतं ना?" ती हळूच म्हणाली.

"हवंच होतं. म्हणून तर आणलं." आर्डिसने आपलं सुजलेलं बोट तिच्या बोटावर ठेवलं आणि सुई कापडात दाबली. "हाताने ओढायचं नाही. इथून ढकलायचं."

पहिला टाका मक्याच्या दाण्याएवढा आला. आर्डिसने चष्मा सारखा करून तो नीट बघितला.

"चांगलाय," ती म्हणाली. "आता त्याच्या शेजारी दुसरा घाल."