आपलं मूल, आपल्या डोळ्यांसमोर

शाळेला सुट्टी लागली की घरातल्या मोठ्या माणसांना एकदम कामं आठवतात. भिंगरीच्या घरी वेगळं काही झालं नाही. भिंगरी सात वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून आजीने ठेवलेलं हे नाव. तिची आई लिफ्ट तपासनीस. इमारतीची लिफ्ट धड आहे का ते बघायचं आणि मगच दाखल्यावर सही करायची, हे तिचं काम, आणि लिफ्टला उन्हाळ्याची सुट्टी नसते. बाबा कॉलेजात शिकवायचे. त्यांना चांगली दोन महिने सुट्टी होती, पण त्यांच्या प्रबंधाचा सहावा अध्याय चार वर्षं अडला होता आणि तो याच सुट्टीत सुटणार, असं ते दर सुट्टीत सांगायचे.

"घरात पोर असलं की विचारांची साखळी तुटते," ते म्हणाले.

आजी म्हणाली, "आम्ही आमची पोरं वाढवली. आता आमचे गुडघे सांभाळतोय," आणि मैत्रिणींबरोबर दहा दिवस डोंगर चढायला निघून गेली.

राहिलं शिबिर. त्याचं पत्रक इतकं गुळगुळीत होतं की हातातून निसटत होतं. सर्वांगीण विकास, तज्ज्ञ मार्गदर्शक, एक घोड्याचं चित्र, आणि खाली ठळक अक्षरात, 'आपलं मूल, आपल्या डोळ्यांसमोर'. म्हणजे हॉलमध्ये कॅमेरा, आणि पालकांच्या मोबाइलवर दिवसभर थेट चित्रण. आईला तेवढंच हवं होतं. तिने नाव घातलं.

पहिले दोन आठवडे दृष्ट लागावी असे गेले. आई डबा खाताना मोबाइल उघडायची. दोन वेण्या घातलेली भिंगरी मान खाली घालून चित्र रंगवत असायची. घरात पाच मिनिटं न टिकणारी पोरगी तिथे तासभर हलायची नाही.

"शिस्त बाहेरच लागते," बाबा म्हणाले. घरात ती लावायची कुणी, हा प्रश्न सहाव्या अध्यायात येत नव्हता.

तिसऱ्या रविवारी भिंगरीने आरशासमोर उभं राहून स्वतःची डावी वेणी कात्रीने कापली. मग काय करणार? आईने तिला सलूनमध्ये नेऊन उरलेलेही केस कानाच्या वर करून आणले.

सोमवारी दुपारी आई एका अकरा मजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत बसून पोळी खात होती. तिने मोबाइल उघडला. भिंगरी रंगवत होती. आईला बरं वाटलं. मोबाइल खिशात ठेवून तिने पुढचा घास घेतला, आणि तो तोंडातच राहिला. चित्रातल्या भिंगरीला दोन वेण्या होत्या.

"मॅडम, सही?" मेकॅनिकने विचारलं.

"लिफ्ट बंद ठेवा. मी येते," म्हणत ती जिन्याने निघाली.

शिबिराच्या काचेच्या दारात स्वागताला बसलेल्या मुलीने तिला अडवलं. "पालकांना आत सोडत नाही, मॅडम. मुलांच्या सुरक्षेसाठी."

आईने वाद घातला नाही. इमारतीत शिरायची दुसरी वाट कुठे असते हे तिला पोटापाण्यानेच शिकवलं होतं. ती मागे गेली. मागचं फाटक सताड उघडं होतं. ती आत शिरली, बोळ ओलांडला, हॉलमध्ये पोचली. तू कोण म्हणून कुणी विचारलं नाही.

हॉलमध्ये पोरांचा नुसता कल्लोळ होता. दोघं पडद्याला लोंबकळत होती, एक पंख्याच्या बटणांशी खेळत होता. तज्ज्ञ मार्गदर्शक पहिल्याच आठवड्यात काम सोडून गेले होते. मोठं माणूस एकच, झाडलोट करणाऱ्या मावशी. त्या दोरीला लावलेले कपड्यांचे चिमटे मोजत होत्या. एका पोराला एक चिमटा, दर अर्ध्या तासाला मोजणी, ही त्यांनी स्वतःच लावलेली पद्धत.

"चौतीस चिमटे, तेहेतीस पोरं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग आईकडे बघून, "बाई, तुम्ही कुणाच्या? केस कापलेली ती पोरगी दिसेना."

दोघी मागच्या फाटकाने धावत सुटल्या. शेजारच्या सायकलवाल्याच्या दुकानात भिंगरी उकिडवी बसून, पाण्यात बुडवलेल्या ट्यूबमधून बुडबुडे कुठून येतात ते बघत होती.

"रोज येते," सायकलवाला म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

आईने तिला उचललं आणि तशीच कडेवर घेऊन संचालिकाबाईंच्या थंडगार खोलीत गेली. बाई जराही गडबडल्या नाहीत.

"पहिल्या दिवशी खरं थेट चित्रण दाखवलं होतं, मॅडम. तासाभरात एकोणीस फोन. एकाचं रडतंय, एकाचं नाक वाहतंय. दुसऱ्या दिवशी मुलांना ओळीत बसवलं, छान चित्रण केलं, तेच लावलं. तेव्हापासून एक फोन नाही. पालकांना काय हवं असतं, ते आम्ही दिलं."

आई भिंगरीला कडेवर तशीच घेऊन बाहेर पडली.

संध्याकाळी तिने पालकांच्या ग्रुपवर सगळं लिहिलं. उत्तरं भराभर आली. 'शिबिर बंद पडलं तर मुलं ठेवायची कुठे?' 'थोडं सकारात्मक बघूया.' एका वडिलांनी लिहिलं, 'आमच्या मुलाचे केस होते तेवढेच आहेत, त्यामुळे आमची तक्रार नाही.'

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने भिंगरीला बाबांच्या टेबलावर, सहाव्या अध्यायाशेजारी बसवलं.

"आज माझी साखळी अगदी—" बाबा म्हणाले.

"तुझी साखळी तुटली तर जोडता येते," आई म्हणाली. "माझ्या हातातली तुटली तर लिफ्ट अकरा मजले खाली जाते." आणि ती कामावर गेली. दुपारपर्यंत बाबांचे सात फोन आले. तिने एकही घेतला नाही.

त्या संध्याकाळी तिने मावशींना घरी बोलावून, इथेच पोरं सांभाळायला याल का, म्हणून विचारलं. मावशी म्हणाल्या, "येईन. पण दहाच्या वर पोरं घेणार नाही. आणि घरात एक मोठं माणूस माझ्या हाताखाली पाहिजे."

"आहे," आई म्हणाली. बाबांनी वर बघितलं.

आठवडाभरात आठ मुलं आली. सकारात्मक बघणाऱ्या चौघांनी ग्रुपवर चकार शब्द न काढता आईला एकटीला निरोप पाठवले होते. शिबिरही बुडालं नाही. गेलेल्या मुलांच्या जागा दोन दिवसांत भरल्या, आणि नवीन पत्रकात घोड्याशेजारी आता हत्ती होता. बाबा मात्र टॉवेल खांद्यावर टाकून आठ जणांचे हात धुवायला शिकले आणि भेटेल त्याला सांगू लागले की मुलं सांभाळणं ही मुळात पद्धतीची गोष्ट आहे, आपण ती घरीच बसवली.

मावशी ते ऐकायच्या आणि म्हणायच्या, "सर, त्या छोटीचं नाक पुसा."