अध्यक्षाचं मत

त्या बाईला जाऊन दहा वर्षं केव्हाच उलटली होती, पण इंग्लंडातल्या हॅदर्लीच्या खाणकामगार क्लबात तिला अजून कुणी मरू देत नव्हतं. छप्पर गळतंय म्हणा, नाहीतर बिंगोचं यंत्र बिघडलंय म्हणा, पाचव्या मिनिटाला गाडी जुन्या पंतप्रधान थॅचरबाईंवर येऊन थांबायचीच. कोळसा उगाळावा तितका काळाच, आणि ह्या गावाला तर उगाळायला दुसरं काही उरलंच नव्हतं.

क्लिफर्ड हेसलप अध्यक्षाच्या खुर्चीत बसून गुडघा चोळत होता. एकाहत्तर वर्षांचा माणूस. गेली नऊ वर्षं ही खुर्ची सोडतो सोडतो म्हणत होता आणि गेली नऊ वर्षं दुसरं कुणी बसायला तयार नव्हतं. दुपारचे दोन वाजले होते. समितीची बाकीची सहा माणसं जमली होती आणि आजचा पहिला विषय होता सभासदत्वाचा एक अर्ज.

अर्ज रेमंड हेसलपचा होता. क्लिफर्डचा सख्खा धाकटा भाऊ.

खाणी बंद करणाऱ्या थॅचर सरकारविरुद्धच्या चौऱ्याऐंशीच्या संपात सगळ्या गावाने दहा महिने पोटाला चिमटा काढला, आणि संप संपायच्या पाच आठवडे आधी हा रेमंड खिडक्यांना जाळी लावलेल्या बसमध्ये बसून कामावर गेला. फाटकाबाहेरच्या गर्दीतून ‘फितूर!’ अशी पहिली आरोळी ठोकली ती क्लिफर्डने. त्या दिवसापासून दोघा भावांत शब्द नाही. आईच्या अंत्यविधीला एक चर्चच्या डाव्या बाजूला बसला, एक उजव्या. फितुराशी बोलायचं नाही, त्याच्या शेजारी प्यायचं नाही, त्याला क्लबाची पायरी चढू द्यायची नाही, हा गावचा कायदा. कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती.

आता रेमंडची फुप्फुसं खाणीच्या धुळीने भरून आली होती आणि डॉक्टरांनी येत्या ईस्टरच्या पुढचं काही बोलायचं नाकारलं होतं. अर्ज त्याच्या बायकोने, एनिडने लिहिला होता. खाली एक ओळ जास्तीची होती: ‘त्याला एकदा आत बसून एक ग्लास बिअर प्यायची आहे, बाकी काही नाही.’ क्लिफर्डच्या खुर्चीतून मागचं आवार दिसायचं. तिथे दीड वाजल्यापासून एनिडची निळी गाडी उभी होती, आणि गाडीत दोन माणसं होती.

“अर्ज वाचून झाला,” सचिव ह्यूबर्ट स्टॉब्स म्हणाला. नियमांच्या वहीशिवाय हा माणूस शिंकतसुद्धा नसे. “कुणाला बोलायचंय?”

“बोलायचंय काय त्यात?” नॉर्मन बुलकने टेबलावर थाप मारली. “त्या बाईने आपल्याला देशाचे शत्रू ठरवलं. खाण गेली, दुकानं गेली, पोरं गेली. आणि हा तिच्या पंगतीला जाऊन बसला! ह्याला आता बिअर पाजू?”

“झालं!” क्रेग हसला. पन्नाशीचा क्रेग नळजोडणीची कामं करायचा आणि समितीत सगळ्यांत लहान म्हणून सगळ्यांच्या शिव्या खायचा. “आली बाई! नॉर्मनकाका, खाण तशीही जाणारच होती हो. तोट्यात होती. बाईने नुसतं तोंडावर सांगितलं.”

“तुझ्या बापासमोर हे बोलला असतास तर थोबाड फोडलं असतं त्याने.”

“बाप माझा संपात होता आणि नंतर तिच्याच राज्यात त्याने सरकारी घर स्वस्तात विकत घेतलं. तुम्हीपण घेतलंत की! सत्त्याऐंशी साली. रस्त्यातलं पहिलं नवं दार तुमचं, चकचकीत पितळी कडीचं.”

नॉर्मन लालबुंद झाला. “बावीस वर्षं भाडं भरलं होतं त्या घराचं! मी विकत घेतलं, तिने दिलं नाही!”

“दिलं नाही तर काय, चोरलंत?”

ह्यूबर्टने वही आपटली. नियमाप्रमाणे एका वेळी एकानेच बोलावं, असं त्याने तीनदा सांगितलं, आणि मग स्वतःच पाऊण तास बोलला. संघटनेने मतदान न घेता संप केला ही चूक झाली हे त्याला कबूल होतं. पण बाईने आधीपासून वीजकेंद्रांत कोळशाचे ढीग रचून ठेवले होते, मतदान घेतलं असतं तरी तिने चिरडलंच असतं. क्रेग म्हणाला, तिच्याआधी हा देश म्हणजे रोजच्या संपांनी खीळ बसलेला गाडा होता, आठवतंय ना, कचरासुद्धा कुणी उचलत नव्हतं. नॉर्मन म्हणाला, कचरा आता तरी कोण उचलतंय? दोन सभासद नेहमीप्रमाणे तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. अर्जाचा कागद मधोमध पडला होता आणि त्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवला होता.

क्लिफर्डने खिडकीतून पाहिलं. निळी गाडी तिथेच.

शेवटी ऑड्री बोलली. संपात ह्याच क्लबात तिने अडीचशे माणसांचं जेवण रोज शिजवलं होतं, त्यामुळे ती बोलू लागली की नॉर्मनही गप्प बसायचा.

“वर्षभर मी इथे बटाटे सोलले,” ती म्हणाली. “त्या बाईचं नाव घेत एकेक बटाटा सोलला. तिला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. पण आता दमले रे मी. रेमंडची बायको मला दुकानात दिसते, आणि मी पावाच्या फळीकडे तोंड करून उभी राहते. पाव नको असला तरी. ह्या वयात हे शोभतं का? घाला त्या बाईला चुलीत आणि मत घ्या.”

मग मत घेतलं. ऑड्री, क्रेग आणि एक गप्प सभासद: बाजूने. नॉर्मन, ह्यूबर्ट आणि दुसरा गप्प: विरोधात. तीन-तीन.

“समसमान,” ह्यूबर्ट म्हणाला. “नियमाप्रमाणे आता अध्यक्षांचं मत.”

सगळ्यांनी क्लिफर्डकडे पाहिलं.

त्याच्या मनात काय चाललंय हे त्यालाच धड सांगता आलं नसतं. हो म्हणावं, तर चाळीस वर्षं कशासाठी जाळली? आईने शेवटी ‘रेमंड कुठेय?’ म्हणून विचारलं तेव्हा मान फिरवली, ती कशासाठी? आणि नाही म्हणावं, तर स्वतःच्या हाताने भावाच्या तोंडावर दार लावायचं. त्याला भयंकर शिणल्यासारखं झालं. बाहेर दालनात बिंगोच्या खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता. पावणेचार झाले होते.

“उशीर झालाय,” तो म्हणाला. “पुढच्या महिन्यात घेऊ.”

घोंगडं भिजत पडलं आणि सगळ्यांनाच हायसं वाटलं. नॉर्मनसुद्धा जाता जाता क्लिफर्डच्या खांद्यावर हात ठेवून गेला. ऑड्री मात्र कप उचलायला लागली.

निकाल कळवायचं काम सचिवाचं. पण ह्यूबर्ट बिंगोची तिकिटं विकायला पळाला होता. म्हणून क्लिफर्डच सात पायऱ्या उतरून मागच्या आवारात गेला. एनिडने त्याला येताना पाहून काच खाली केली. शेजारी रेमंड होता, नाकात नळी, मांडीवर घडी केलेला कोट. किती वाळला होता! आईसारखा दिसायला लागला होता.

“पुढच्या महिन्यात,” क्लिफर्ड म्हणाला. चाळीस वर्षांनी भावाशी बोललेला हा पहिला शब्द.

रेमंडने मान हलवली. बोलायला त्याला वेळ लागत होता. “दोन तास काय केलंत?”

“वाद झाला. थॅचरवर. तुला माहीतच आहे सगळं. त्या बाईने ह्या गावाचं जे वाटोळं केलं, ते अजून...”

“मत घेतलंत?”

“घेतलं.”

“किती?”

“तीन-तीन.”

रेमंडही एके काळी ह्या समितीवर होता. नियम त्यालाही पाठ होते.

“तीन-तीन झाले की मग अध्यक्षाचं मत,” तो म्हणाला. मध्ये थांबून दोनदा श्वास घेतला. “मग ह्यात ती बाई कुठे आली, क्लिफ?”

चाळीस वर्षं हरेक गोष्टीला क्लिफर्ड एकच उत्तर देत आला होता, आणि ते इथे चालणार नव्हतं.

“चल,” तो एकदम म्हणाला. दाराच्या मुठीला हात घातला. “चल, आत्ता. मी नेतो तुला. कोण अडवतो बघू! जाऊ देत चुलीत सगळे.”

“आता नाही जमायचं,” एनिड म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. “हा ऑक्सिजनचा सिलिंडर अडीच तासांचा असतो. पहिलाच विषय आहे असं ह्यूबर्टने कळवलं होतं, म्हणून आणलं. दोनला पायऱ्या चढला असता. आता घरी जाऊन मोठ्यावर लावायला हवं.”

सिलिंडरवरचा काटा लालमध्ये गेला होता. क्लिफर्डने मूठ सोडली.

“मी उद्या येतो,” तो म्हणाला. “सकाळी. घरी येतो.”

रेमंडने डोळे मिटले होते. एनिडने गाडी सुरू केली, काच वर करता करता थांबली आणि अगदी साध्या सुरात तिने विचारलं, “घर माहीत आहे ना तुला?”

“आहे,” क्लिफर्ड म्हणाला.

माहीत नसायला काय झालं! तीन गल्ल्या पलीकडे, कोपऱ्यावरचं घर. ते दिसू नये म्हणून तो चाळीस वर्षं रोज सकाळी लांबच्या रस्त्याने पेपर आणायला जात होता.