चांदण्यांचं दुकान

"मावशी, टोपी घ्या ना, लाल टोपी. आत पार्कात समदे पोट्टे हेच घालून फिरून राह्यले."

"नको वं बाई. मी पाहून राह्यली नुसती," रुपीबाई म्हणाली आणि दुकानाच्या दारातच उभी राहिली.

पाहून राह्यली म्हणे! तिची नजर ना टोप्यांवर होती, ना रंगीत माळांवर. गल्ल्यामागे एक हिरवा पडदा होता, त्याच्यावर ती खिळली होती. त्या पडद्याआड तिची लेक होती. निदान असायला हवी होती.

यवतमाळच्या रस्त्यावरच्या वॉटर पार्कला लागूनच हे घर. पुढच्या खोलीत दुकान, मागे संसार. उन्हाळाभर इथे पोहायचे कपडे आणि हवेचे चेंडू विकायचे. नोव्हेंबर लागला की ते सगळं माळ्यावर जायचं आणि दुकानभर चांदण्या लटकायच्या. बांबूच्या कामट्यांच्या, पतंगी कागदाच्या, घरातल्या माणसांनीच केलेल्या. दारावर पाटी होती, 'प्रेम ख्रिसमस भांडार'. हा प्रेम म्हणजे रुपीबाईचा जावई. आता त्याला जावई म्हणायचं की नाही, हे मात्र तिचं अजून ठरलं नव्हतं.

वर्षा दारव्ह्याला कॉलेजात शिकत होती. शिकता शिकता प्रेमशी लग्न करून मोकळी झाली. झालं! बंजाऱ्यांच्या तांड्यात बोभाटा. बापाने, धरमसिंगने, नायकासमोर आणि अख्ख्या तांड्यादेखत सांगून टाकलं, "त्या घराच्या उंबऱ्यात मी पाय ठेवनार नाही." माणूस शब्दाचा पक्का. पक्का कसला, हेकट! रुपीबाईने हजारदा विनवलं, रुसून पाहिलं, चुलीपुढे बसून रडून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि मग पोळ्याच्या सुमाराला कुणीतरी बाजारातून बातमी आणली, वर्षाला दिवस गेलेत. तेव्हापासून रुपीबाईचा जीव टांगणीला लागला होता. पहिलं बाळंतपण, ते आईकडे व्हायचं. पहिल्या खेपेला पोरगी किती भिते! जिवाचं काही बरंवाईट झालं तर? तिला बाकी काही नको होतं. बाळंत व्हायच्या आधी एकदा, फक्त एकदा, लेकीला डोळ्यांनी पाहायचं होतं.

म्हणून मोठा लेक बादल, "पोट्ट्याइले पार्क दाखवून आनतो," असं म्हणाला, तेव्हा जन्मात कुठे चल न म्हणणारी ही बाई ऐन कापूस वेचणीत म्हणाली, "मी बी येते." त्यावर धरमसिंगने काही न बोलता खुंटीवरचं लाल पागोटं काढलं आणि डोक्याला गुंडाळलं. राखण करायला येतोय मेला, रुपीबाईने मनातल्या मनात बोटं मोडली. पार्कात नातवंडांच्या गलक्यात त्याचं लक्ष नाही असं पाहून, पाणी पिऊन येते म्हणून ती सटकली होती.

"आत या ना मावशी, उन्हात काहून उभ्या?" दुकानातली बाई म्हणाली. पन्नाशीची, चष्मेवाली, हाताला चमकीचे कण लागलेले. ही मार्थाबाई, प्रेमची आई. रुपीबाईने तिला कधी पाहिलं नव्हतं, आणि तिने रुपीबाईला. रुपीबाई आत आली. तिच्या डोक्यावरच एक कापडाची चांदणी लटकत होती, तांड्यातल्या बाया घागऱ्याला लावतात तसे कडेने आरसे टाचलेली.

"हे कोनं केलं?" तिने विचारलं.

"माह्या सुनेनं. भल्ली गुनाची पोरगी हाय. आता अवघडली, तरी हात काई थांबत नाही तिचा. मीच रागावतो, बस म्हनतो, तर मलेच बसवते."

माझी आहे ती, माझी! असं रुपीबाईला ओरडून सांगावंसं वाटलं. पण ओळख दिली आणि चालती हो म्हणाले तर? तेवढ्यात एक कुटुंब दुकानात शिरलं, मार्थाबाई तिकडे वळली, आणि रुपीबाई भिंतीच्या कडेने पडद्याच्या दिशेने सरकू लागली.

सरकता सरकता तिला कोपऱ्यातला तो देखावा दिसला. गवताचं छप्पर. एक गाय, दोन मेंढरं. काठी टेकून उभा असलेला एक पुरुष, आणि मान खाली घालून गुडघ्यावर बसलेली एक बाई. दोघंही समोरच्या गवताच्या पाळण्यात पाहत होती. पाळण्यात पांढरं फडकं अंथरलं होतं. पाळणा रिकामा. समोर दिवा लावलेला.

रुपीबाई जागीच थबकली. रिकामा पाळणा कुणी घरात मांडतं का? आमच्याकडे तर रिकाम्या पाळण्याला हात लागला तरी आई धपाटा घालते. अवघडली म्हणाली ना ती बाई? मग हे काय? ही आई, हा बाप, हे पांढरं फडकं, हा दिवा... लोकांपासून लपवून ठेवलं की काय यांनी? बिचारीने मनातच सगळं जुळवलं, आणि जुळलं तसा तिने पदर तोंडाला लावून टाहो फोडला.

"लेकरू गेलं न माह्या पोरीचं! माह्या वर्षाचं लेकरू गेलं! मले कोनी सांगतलं बी नाही!"

गिऱ्हाइकांच्या हातातल्या घंटा खाली पडल्या. "अवं माय! काय झालं वं मावशी?" म्हणत मार्थाबाई धावली. तिला वाटलं, दिव्याचा चटका बसला. आणि इतक्यात तो हिरवा पडदा सरकला. कोपरापर्यंत खळीने माखलेले हात, विस्कटलेले केस, आणि हे एवढं पोट घेऊन वर्षा दारात उभी राहिली.

"याडी?" तिने आईला हाक मारली.

रुपीबाईने पोटाकडे पाहिलं. पाळण्याकडे पाहिलं. पुन्हा पोटाकडे पाहिलं.

"मंग ह्यो पाळना?"

मार्थाबाईला उलगडा व्हायला क्षणभर लागला. मग तिने कपाळाला हात लावला. "बाप्पा रे! आवं, आमच्यात तसंच असते. हे येशूचं. बाळ चोवीस तारखेच्या राती ठेवतो आमी, तोवर गव्हाणी रिकामीच. तुमच्या पोरीचं बरं हाय सारं. पोटातून लाथा मारून राह्यलं ते!"

आता खरं म्हणजे रडू थांबायला हवं होतं. पण रुपीबाईने वर्षाच्या गळ्यात हात टाकले आणि पुन्हा सूर धरला. हा सूर वेगळा होता. बंजारा बाया फार दिवसांनी भेटल्या की गळ्यात गळा घालून गात गात रडतात. कोण आजारी होतं, कोणाचं लग्न झालं, गाय कधी व्याली, सगळी खबर त्या रडण्यातूनच सांगायची. रुपीबाई सांगू लागली. तुझी काकी गेली, तुझ्या भावाला दुसरा मुलगा झाला, तू लावलेल्या जांभळीने यंदा फळ धरलं. वर्षा आधी नुसती हुंदके देत होती. शहरात राहून विसरली की काय, असं रुपीबाईला वाटतं न वाटतं तोच लेकीने सूर उचलला आणि आपली खबर सांगू लागली. खळीचे हात आईच्या पाठीवर उमटले.

गिऱ्हाईक बाई घाबरून म्हणाली, "कोनी गेलं का हो यांचं?"

"नाही हो," मार्थाबाई डोळे पुसत म्हणाली. "माह्या ईनबाई आल्या." आणि ऐन हंगामात, दुकान भरलेलं असताना, तिने शटर अर्ध्यावर ओढलं. "तुमी उद्या या, कसं?"

मागच्या अंगणात चहा झाला. कामट्यांचे सांगाडे उन्हात वाळत होते. रुपीबाईने लेकीच्या पोटावर हात ठेवला, डोळे मिटले, आणि कितीतरी महिन्यांनी मोकळा श्वास घेतला.

"बापू कसा हाय?" वर्षाने विचारलं. विचारलं आणि खाली पाहत राहिली.

"आलाय ना. पार्कात हाय. पन इकडं येनार नाही तो. तांड्यादेखत बोलून बसला, आता शब्द गिळता येते का?"

भिंतीपलीकडे पार्कातला मोठा झुला, आकाशपाळणा, कुरकुरत फिरत होता. वाळत घातलेली चादर ओढत मार्थाबाई म्हणाली, "मेला तो झुला! वरून आमचं सारं अंगन दिसते. काई झाकून राह्यत नाही."

रुपीबाईने सहज वर पाहिलं, आणि पाहतच राहिली. झुल्याच्या अगदी टोकावर, एका डब्यात एकटाच, दोन्ही हातांनी दांडा घट्ट आवळून, लाल पागोट्याचा एक माणूस बसला होता.

"अवं! हा तर विहिरीत वाकून पाह्यले भेते!"

डबा खाली गेला. माणसं उतरली, नवी चढली. डबा पुन्हा वर आला, पागोटं त्यातच. ह्याने आधी किती फेऱ्या मारल्या असतील, देव जाणे. उंबऱ्यात पाय न ठेवायचा शब्द दिला होता, तो त्याने पाळला होता.

वर्षा उठली. तिने मधली चादर बाजूला सारली आणि अंगणाच्या मधोमध, भर उन्हात जाऊन उभी राहिली. आधी समोरून, मग जराशी वळून, पोट नीट दिसेल अशी. रुपीबाईच्या ओठावर आलं होतं, उन्हात नको उभी राहू. तिने ते बोलणं गिळलं. डबा खाली गेला तशी वर्षाने मान खाली घातली. तो वर येईपर्यंत ती जागची हलली नाही.