उलटा गुरुवार

आमच्या ग्रुपचं नाव 'शिल्लक'. तो मीच काढला, कारण माझ्या सलूनमध्ये केस कापून घेताना लोक शेअर बाजारावर इतके हातवारे करायचे की कात्री चालवायची सोय नव्हती. आता सगळे फोनवर भांडतात आणि खुर्चीत गप्प बसतात. माझ्या धंद्याला ते बरं पडतं.

भांडणारे पुष्कळ, पण खरे मल्ल दोनच, आणि ते दोघे ओळखीतून ग्रुपमध्ये आलेले, सलूनमध्ये कधीच नाही. एक मास्तर, निवृत्त गणित शिक्षक. त्यांचं म्हणणं, सगळ्या बाजाराचा मिळून एकच फंड घ्या, दर महिन्याला थोडे टाका आणि विसरून जा. दुसरा पायलट. विमानाशी त्याचा काडीचा संबंध नाही. तो सामान पोचवणारी व्हॅन चालवतो, आणि ज्या वेगाने चालवतो त्यावरून नाव पडलं. त्याचा जीव एका बॅटरी बनवणाऱ्या कंपनीत अडकलेला. तिचा विषय निघाला की मास्तर लिहायचे, "आधी नफा दाखवा, मग बोलू." पायलट लिहायचा, "मास्तर, तुमच्या फंडापुढे गोगलगाय धावते." मग मी मध्ये पडायचे, आणि माझ्या फोनला कोणाच्या तरी केसांचा रंग लागायचा.

शेवटी वैतागून मी एक नियम काढला. गुरुवारी प्रत्येकाने स्वतःच्या मताच्या उलट बोलायचं. वाटलं होतं, चार दिवसांत बंद पडेल. पण लोकांना चटकच लागली. त्या दिवशी पायलट फंडाचे गोडवे गायचा, मास्तर बॅटरी कंपनीचे, आणि हसून हसून पुरेवाट व्हायची.

अशाच एका गुरुवारी माझी वहिनी ग्रुपमध्ये आली. सकाळपासून मागे लागली होती, म्हणून हातात ब्रश असतानाच मी कशीबशी तिला आत घेतली आणि विसरून गेले. नियम ग्रुपच्या माहितीत सगळ्यात वर लिहिलेला आहे. सगळ्यात वर लिहिलेलं कोणी वाचत नसतं.

वहिनी घरच्या ओट्यावर केक करून विकते. दादाच्या घरी कधीही जा, सोफ्यालासुद्धा व्हॅनिलाचा वास. आता तिला कोपऱ्यावरचा एक गाळा मिळत होता, आधी तिथे चपलांचं दुकान होतं. मालकाने महिनाअखेरपर्यंत डिपॉझिट मागितलं होतं. नाही दिलं तर एक शिंपी टपूनच बसला होता. डिपॉझिटचे पैसे तिने कित्येक वर्षं केकवर केक रचून जमवले होते. मोठ्या ओव्हनचे मात्र जमले नव्हते.

शुक्रवारी संध्याकाळी मी दादाचे केस कापायला त्यांच्या घरी गेले. बहीण सलूनवाली असली की माणूस केसांना पैसे मोजत नाही. वहिनी शेजारी क्रीम फेटत होती.

"अगं, तुमचे ते मास्तर काय माणूस आहे!" ती म्हणाली. "इतकं सोपं करून मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मी घेऊन टाकले."

"काय घेतलंस?"

"बॅटरीवाले शेअर. डिपॉझिटचे सगळे घातले. महिनाभरात ओव्हनपुरते तरी वाढतील ना?"

दादाच्या कानावरचा एक झुबका खाली पडला. "वहिनी, काल गुरुवार होता!"

"मग?"

मी सांगितलं. आधी ती हसली, मग तिच्या हातातलं फेटणं थांबलं. तिने फोन उघडून बघितलं. पहिल्याच दिवशी शेअर खाली आला होता. दादा अर्धवट कापलेल्या केसांनी उठून उभा राहिला आणि परत बसला. ती माझ्यावर ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"खोटं होतं, तर मला इतकं पटलं कसं?" एवढंच तिने विचारलं.

शनिवार-रविवार बाजार बंद. ग्रुप कसला बंद राहतोय! मी तणतणत मास्तरांना लिहिलं की मस्करीलाही काही मर्यादा असते. मास्तरांचं उत्तर आलं, "नियम तुमचा आहे." ते मला झोंबलं, कारण खरं होतं.

पायलटला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. "वहिनी, अजिबात विकू नका! मास्तर जन्मात पहिल्यांदा खरं बोललेत."

"विका," मास्तरांनी लिहिलं. "त्यातलं एकही वाक्य मला मान्य नाही."

"मग इतकं फर्मास लिहिलंत कसं?"

"तुम्ही वर्षभर त्या कंपनीची बाजू इतकी वाईट मांडता, की मला कंपनीची दया आली."

मग बाकीचेही उतरले. कोणी म्हणे थांबा, कोणी म्हणे निम्मे विका. कंपनीचं कर्ज, कंपनीचा कारखाना, कंपनीच्या साहेबाचा स्वभाव, सगळ्याचा कीस पाडून झाला. मी फोन भिंतीवर आपटायच्या बेतात होते, तेवढ्यात वहिनीचा मेसेज आला.

"मास्तर, तुम्ही गुरुवारी खरं बोलता की बाकीचे सहा दिवस? मी कोणत्या दिवसावर विश्वास ठेवू?"

मास्तर काहीतरी टाइप करत होते, थांबत होते, पुन्हा करत होते. अखेर आलं ते एवढंच.

"दिवसावर नको, माझ्यावरही नको. हे पैसे तुम्हाला कधी लागणार आहेत?"

"महिनाअखेर. दुकानाचं डिपॉझिट आहे ते."

"अहो वहिनी, हे आधी नाही का सांगायचं?" पायलट.

"कोणी विचारलंच नाही."

खरंच होतं. आम्ही कंपनीची सात पिढ्यांची चौकशी केली होती, आणि वहिनीला एक प्रश्न विचारला नव्हता. मला फार लाज वाटली.

मग पायलटने लिहिलं, "विका. सोमवारी बाजार उघडला की लगेच. कंपनी सोन्यासारखी आहे, माझे मी विकणार नाही. पण महिन्याभरात काय होईल हे कोणी सांगू शकत नाही. मीसुद्धा नाही."

"पायलटचं बरोबर आहे," मास्तरांनी लिहिलं.

"आज गुरुवार आहे का?" कोणीतरी विचारलं.

वहिनीने सोमवारी विकले. मास्तर म्हणाले म्हणून नाही, असं मला नंतर म्हणाली. ज्या माणसाचा त्या कंपनीवर एवढा जीव आहे तोच विका म्हणतोय, म्हणून. केकच्या चार-पाच भांड्यांच्या किमतीएवढा फटका बसला. तो तिने एका लग्नाच्या ऑर्डरमधून भरून काढला आणि महिना संपायच्या आत गाळ्याची किल्ली आणली. शिंप्याने दुसरा गाळा बघितला.

ओव्हनचं पायलटने केलं. तो ज्या हॉटेलात माल पोचवायचा, तिथे नवा ओव्हन येणार होता. जुना त्याने कवडीमोलाने मिळवून दिला आणि आपल्याच व्हॅनमधून आणला, त्या दिवशी म्हणे जन्मात पहिल्यांदा हळू चालवत. पुढे ती बॅटरी कंपनी वर गेली, जायचीच. मी भीत भीत वहिनीला सांगितलं. "मालक तोवर थांबला असता का?" ती म्हणाली आणि पिठाची गोणी माझ्या अंगावर ढकलली.

आता ग्रुपमध्ये कोणी नवा माणूस आला की पहिला प्रश्न वहिनी विचारते: पैसे कधी लागणार? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय मास्तर आणि पायलटला भांडायला परवानगी नाही.

दुकान उघडलं त्या दिवशी ते दोघे पहिल्यांदा समोरासमोर आले. मास्तर मला वाटले होते त्याहून बुटके निघाले, पायलट त्याहून लाजरा. दोघे कोपऱ्यातल्या एकाच टेबलावर अवघडून बसले. वहिनीने मास्तरांपुढे पहिला केक ठेवला आणि हात पुसत उभीच राहिली. मास्तरांनी एक घास खाल्ला, डोळे मिटले, मग रुमालाने तोंड टिपलं.

"इतका टाकाऊ केक मी आयुष्यात खाल्ला नाही," ते म्हणाले.

वहिनीचा चेहरा पडला. पायलटने खिशातला फोन काढून, वार बघून, तिच्यासमोर धरला. तिने तो बघितला आणि इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मास्तरांनी रिकामी बशी पुढे केली. "आणखी एक अजिबात देऊ नका."