एकोणीस सुना

अल्माटीजवळच्या शेलेकच्या वाऱ्याला कुरालाय कधीच दोष देत नसे. वारा चोख होता, पळपुट्या होत्या त्या पवनचक्क्या. कालव्यावरच्या पंपांच्या मोटारी सुरू झाल्या की तारांमधलं व्होल्टेज क्षणभर खाली बसे, आणि तेवढ्या निमित्तानं वीसच्या वीस चक्क्या बंद पडत. एवढी वीज एका फटक्यात गेली की सगळ्या जाळ्याची वारंवारिता पन्नास हर्ट्झवरून घसरे आणि गावोगावचे दिवे जात. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा अल्माटीहून वीजवाटप सांभाळणाऱ्या मुखितचा फोन आला. शुक्रवारी अकराला पंप लागतील, तेव्हा चक्क्या टिकल्या नाहीत तर हिवाळ्यापर्यंत निम्म्यांना कुलूप, असं त्यानं अगदी गोडीत सांगितलं.

चक्क्यांवर इंजिनियर म्हणून नोकरीला लागून कुरालायला चारच महिने झाले होते. दोन दिवस नोंदी चाळल्यावर तिला दिसलं, की वीस चक्क्या एकदम पडतच नाहीत. आधी एक नंबरची पडते, पाव सेकंदानं बाकीच्या. एक नंबरची लांबलचक तारेच्या टोकाला होती आणि व्होल्टेजचा खड्डा तिथंच सर्वांत खोल होता. तिचं पडणं समजण्यासारखं होतं. पण बाकीच्यांना काय धाड भरली होती?

ते तिथले सर्वांत जुने इंजिनियर ओराझगाली आगांना ठाऊक होतं. चक्क्या कधी बंद पडायच्या याचे संगणकातले नियम त्यांनीच बसवलेले आणि पासवर्डही त्यांच्याचकडे. सर्वांत आधी उभारलेल्या एक नंबरला ते आक्साकाल म्हणत, म्हणजे घरातली पांढरी दाढी. जेवण आटोपून आक्साकालनं बाता, म्हणजे शेवटची दुआ, म्हटली, तोंडावरून हात फिरवले, की मंडळी उठतात. मग रेंगाळणारा निलाजरा. चक्क्यांनाही त्यांनी हेच वळण लावलं होतं: एक नंबर थांबली की बाकीच्यांनीही थांबायचं.

कुरालायनं आलेख दाखवले आणि हा नियम काढा म्हणाली. आगांनी रंगांची तारीफ केली आणि चहा ओतला.

"थोरला उठला तरी बसून राहायचं? असले संस्कार मी नाही करणार."

"आगा, बाता झाल्यावर तुमच्या घरी भांडी कोण आवरतं?"

"सुना. आणखी कोण?"

"त्या नाही उठून जात?"

"पाहुण्यांबरोबर सुनाही गेल्या तर घर कोण बघणार?"

कुरालायनं कीबोर्ड त्यांच्यापुढं सरकवला.

"पोरी, तू माझ्या धाकट्या सुनेच्या वरचढ आहेस," असं म्हणून आगांनी बोटांपुढं टोपी आडवी धरली, पासवर्ड टाकला आणि तो नियम काढून टाकला.

शुक्रवारी अकराला पंप लागले. पडद्यावरची व्होल्टेजची रेघ वाकली. एक नंबरचा दिवा लाल झाला. पाव सेकंद गेला, पुरता एक सेकंद गेला. एकोणीस दिवे हिरवेच होते. वारंवारिता जराशी थरथरली आणि पन्नासवर येऊन बसली.

फोन वाजला. कोण कोण गेलं, मुखितनं विचारलं.

"म्हातारा उठला," आगा म्हणाले. "सुना घरातच आहेत."

मुखितला त्याचा अर्थ लावायला थोडा वेळ लागला असावा. मग त्यानं सांगितलं, की कुलपाचं आता राहू दे, आणि म्हाताऱ्यालाही परत बोलवा, वारा चांगला सुटलाय.